जुनी गाडी तापते? पार्ट बदलायच्या आधी हे एकेक करून तपासा

मार्च लागला की आमच्या गोव्यातल्या जुन्या गाडीवाल्यांचे फोन सुरू होतात आणि विषय एकच, गाडी तापते. पद्मिनी असो, अ‍ॅम्बॅसेडर असो नाहीतर कोणाच्या तरी आजोबांनी १९६१ च्या आधी पोर्तुगीज काळात घेतलेली मॉरिस किंवा ओपेल असो, तक्रार तीच. आणि फोन येईपर्यंत प्रत्येकाने काहीतरी बदललेलं असतंच, कोणी रेडिएटर, कोणी पंप, कोणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकून दिलेला. पैसे गेले, गाडी अजून तापतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी नक्की कधी तापते ते आधी नीट बघा, मग मोजा, मग सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून सुरू करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि नाही सुधारली तर आपण आणखी काहीतरी बिघडवून ठेवलंय का हेही कळत नाही. एक छोटी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, काय केलं आणि त्यानंतर काटा कुठे होता ते लिहीत जा, फार उपयोग होतो.

खरंच तापते का?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. काटा वर गेला म्हणजे इंजिन तापलं असं आपण धरून चालतो, पण पन्नास-साठ वर्षं जुन्या गेजवर एवढा विश्वास कशाला ठेवायचा? ऑनलाइन हजार-दीड हजारात आयआर गन मिळते, लांबून तापमान दाखवणारी, ती घ्या. जुनी गाडी ठेवणाऱ्याकडे पान्यांच्या सेटइतकीच ती गरजेची आहे. फक्त वापरताना एक लक्षात ठेवा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळेवर ही गन चुकीचं, बहुतेक वेळा कमी रीडिंग देते. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका मारा किंवा मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि दर वेळी तिथेच मोजा.

गन एक सांगते आणि गेज दुसरंच, असं झालं तर गेजची लाइन बघा. हेडलाइट लावल्यावर किंवा इंडिकेटर दिल्यावर टेम्परेचरचा काटा हलतो का? हलत असेल तर अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे, इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढा, घासा, परत घट्ट बसवा. समुद्राकाठच्या गाड्यांना हे हमखास होतं, खाऱ्या हवेने ते जोड हिरवे पडतात. ज्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतो तिथे दोन्ही काटे एकदम वर दाखवत असतील तर दोष त्या छोट्या डबीत असतो, इंजिनात नाही. सेंडरची (इंजिनावरच्या तापमान सेन्सरची) वायर काढली की इलेक्ट्रिक गेजचा काटा सहसा पूर्ण थंडावर जातो आणि वायर क्षणभर इंजिनाला टेकवली की पूर्ण गरमावर, तसं झालं तर गेज आणि वायर ठीक आहेत, सेंडर बघा. क्षणभरच टेकवा, धरून ठेवू नका.

आता किती तापमान म्हणजे तापणं? ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असलेलं इंजिन सपाट रस्त्यावर ८० ते ९० मध्ये राहायला पाहिजे. चढावावर किंवा दुपारच्या जाममध्ये ९५ पर्यंत गेलं आणि मोकळा रस्ता मिळाल्यावर आपोआप खाली आलं तर ती गाडी तब्येतीने चांगली आहे, तिला काहीही करू नका. बंद केल्यावर दोन-चार मिनिटांत काटा थोडा वर जातो तेही नॉर्मल, पंप थांबलेला असतो आणि लोखंडातली उष्णता पाण्यात उतरत असते. चढत चढत १०० च्या पुढे जातो आणि खाली यायचं नाव घेत नाही, त्याला तापणं म्हणायचं.

कधी तापते, यावर अर्धं निदान होतं

जाममध्ये, म्हणजे पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा म्हापशात शुक्रवारी बाजाराच्या दिवशी काटा चढतो आणि मोकळ्या हायवेला लागल्यावर उतरतो, अशी गाडी असेल तर तिला हवा कमी पडतेय. फॅन, बेल्ट, श्राउड (फॅनभोवतीचं कडं), रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीतला कचरा, तिकडे बघा.

उलट गावात ठीक चालते आणि कुठ्ठाळीहून वेर्ण्याचा चढ किंवा चोर्ला घाट लागला की तापते, किंवा ७०-८० च्या स्पीडला हळूहळू चढत जाते, तर हवा भरपूर आहे पण पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर आतून भरलाय, नाहीतर टायमिंगची (प्लगची ठिणगी पडायच्या वेळेची) किंवा कार्ब्युरेटरची भानगड आहे.

सकाळी थंड गाडी सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच तापली तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय, एअरलॉक आहे (पाण्याच्या वाटेत हवा अडकलीये) किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग) गेलंय. इथे गाडी चालवून बघण्याच्या फंदात पडू नका, उभ्या जागी तपासा.

आणि एक चौथा प्रकार, ज्यात गाडी तापलेलीच नसते. भर उन्हात पंधरा मिनिटं पार्क केली, परत सुरू केली, थोडं गेली आणि गचके देऊन बंद पडली, पण काटा नॉर्मल. लोक म्हणतात गरम झाली म्हणून बंद पडली. हा बहुतेक वेळा व्हेपर लॉक असतो, पेट्रोल पंपात किंवा लाइनमध्ये उकळतं आणि कार्ब्युरेटरला पोचत नाही. त्यावर रेडिएटर बदलून काही होणार नाही, पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्या, तिच्यावर उष्णता अडवणारी स्लीव्ह चढवा, कार्ब्युरेटरखालचं हीट शील्ड कोणी काढून टाकलंय का ते बघा.

पाणी, लेव्हल आणि झाकण

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी हात-तोंड भाजून घेतं. वरचा होस हाताने दाबून बघा, कडक लागला तर थांबा, अर्धा तास तरी.

आता लेव्हलबद्दल. एक्स्पान्शन टाकी नसलेल्या जुन्या गाडीत गळ्यापर्यंत पाणी भरलं की गरम झाल्यावर ते फुगणारच आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडणारच. मालक दुसऱ्या दिवशी बघतो, पाणी दोन-अडीच सेंटीमीटर कमी, परत गळ्यापर्यंत भरतो, परत तेवढंच बाहेर. मग म्हणतो गाडी पाणी खाते. अहो, तिला जेवढं हवं तेवढं ती ठेवते, बाकीचं टाकते. रेडिएटरच्या वरच्या टाकीत ट्यूब (पाणी खाली नेणाऱ्या नळ्या) पाण्याखाली बुडलेल्या दिसताहेत आणि लेव्हल रोज तिथेच थांबतेय तर सोडून द्या. रोज खाली खाली जात असेल तर मात्र गळती शोधा.

गळती थंड इंजिनावर शोधलेली बरी, कारण गरम इंजिनावर पाणी वाफ होऊन उडतं आणि फक्त पांढरट किंवा हिरवट डाग राहतो. होसची टोकं, पंपाच्या खालचं छोटं भोक, रेडिएटरच्या टाकीचा डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड, आणि ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचं, जी आतून गंजून पातळ होतात. पंपाच्या भोकातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय, ते भोक एम-सीलने बुजवू नका, ते मुद्दामच ठेवलेलं असतं, बुजवलंत तर पाणी बेअरिंगमध्ये शिरेल. आणि रस्त्यात गळती लागली तर ट्रकवाल्यांची हळद टाकायची युक्ती घरी पोचण्यापुरती ठीक आहे, पण घरी पोचल्यावर सगळं पाणी काढून धुवा, तो चोथा रेडिएटरच्या ट्यूबमध्ये राहिला की पुढचं दुखणं तयार.

झाकण स्वस्त असतं म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. प्रेशरमुळे उकळबिंदू वर जातो, ७ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) झाकणाखाली साधं पाणी १११ अंशांच्या आसपास उकळतं आणि ४ पीएसआयच्या झाकणाखाली १०७ ला. रबर सुकलं, स्प्रिंग ढिली झाली की तेच पाणी १०० ला उकळायला लागतं. झाकण विकत घेताना गळ्याची खोली मोजा, वरच्या कडेपासून आतल्या सीटपर्यंत. जुन्या रेडिएटरना काहींना पाऊण इंची, काहींना एक इंची झाकण लागतं. एक इंची गळ्याला पाऊण इंची लावलं तर ते वरून छान बसतं, पण आतलं सील टेकतच नाही म्हणजे प्रेशर शून्य. जास्त पीएसआयचं झाकण लावून तापणं बरं होत नाही, उकळणं फक्त पुढे ढकललं जातं, आणि जुन्या डागाच्या जोडांवर नको तेवढा दाब येतो. कंपनीने दिलंय तेवढंच लावा.

पाणी कुठलं घालता हेही बघा. आमच्याकडे विहिरीचं पाणी सगळ्या कामाला, पण किनाऱ्याजवळ ते खारट लागतं आणि आत डिचोली-सत्तरीकडे जांभ्या दगडातून लोह घेऊन येतं. रेडिएटरला ते नको. डिस्टिल्ड वॉटर वापरा, बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. गोव्यात पाणी गोठत नाही मग कूलंट कशाला, असं म्हणणारे खूप आहेत, पण कूलंट आपण गंज थांबवायला घालतो. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट घ्या, नव्या गाड्यांसाठीची लाल-गुलाबी लाँग लाइफ कूलंट जुन्या डागांना मानवतीलच असं नाही. प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पुरे, कारण कूलंट जेवढं जास्त तेवढी पाण्याची उष्णता वाहून न्यायची ताकद कमी होते. बाटली विकत घेताना ती तयार मिश्रणाची आहे का घट्ट, हे वाचा, तयार मिश्रणात परत पाणी घातलं तर गंज थांबवणारा भागच पातळ होतो. आणि काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. डब्यात भरून झाकण लावून ठेवा.

हवा

बेल्ट अंगठ्याने दाबा, सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर साधारण बारा-तेरा मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ढिला तर घसरतो, जास्त टाइट तर पंपाचं बेअरिंग खातो. आतल्या बाजूने चकाकी आली असेल तर टाइट करूनही घसरेल, बदला.

मग कागदाची टेस्ट. इंजिन आयडलवर ठेवा आणि वर्तमानपत्राचा कागद पुढून रेडिएटरवर धरा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर हवा खेचली जातेय. कागद पडला तर फॅन लांब आहे, श्राउड नाहीये किंवा जाळी भरलीये. इलेक्ट्रिक फॅन लावला असेल आणि कागद उलटा उडत असेल तर वायर उलट्या जोडल्यात, गाडी पळताना समोरून येणाऱ्या हवेला तो फॅन अडवतोय. बेल्टवरचा फॅन कोणी उलट्या तोंडाने बसवला असेल तर हवा त्याच दिशेने जाते पण पात्यांची वळणं उलटी झाल्यामुळे कमी ओढतो, पंप बदलताना हा घोळ सहज होतो.

रेडिएटरच्या चारी बाजूंना ग्रिल आणि बॉडीमध्ये फटी असतात का बघा, मूळ गाडीत तिथे रबराच्या किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या असायच्या, रंगकामाच्या वेळी गेल्या त्या गेल्या. हवेला फट मिळाली की ती जाळीतून कशाला जाईल? नंतर एसी बसवलेली गाडी असेल तर पुढचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेला कचराही काढा.

रेडिएटर, बाहेरून आणि आतून

खाण पट्ट्यातली लाल धूळ ज्यांच्या गाडीने खाल्लीये त्यांना सांगायला नको, पावसाळ्यात तिचा चिखल होतो, उन्हाळ्यात विटेसारखा वाळतो आणि पुढून बघितलं तर जाळी साफ दिसते. मागून, इंजिनाच्या बाजूने टॉर्च मारा, पुढून उजेड किती आरपार येतो ते बघा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, पुढून मारलं तर कचरा आणखी आत जातो. प्रेशर वॉशरने जवळून मारू नका, फिन (ट्यूबमधले पातळ पत्रे) आडव्या होतात. कळंगूट-कोलव्याकडच्या गाड्यांच्या फिन नखाने टोकरून बघा, खाऱ्या हवेने तांबं हिरवी भुकटी होऊन हातात येत असेल किंवा फिन ट्यूबपासून सुटल्या असतील तर तो कोअर (ट्यूब आणि फिनची जाळी) संपला, धुण्याने काही होणार नाही.

आतून तपासायला परत आयआर गन. गाडी पूर्ण गरम, थर्मोस्टॅट उघडलेला, बाजूला रिकाम्या जागेत उभी करा, फॅनपासून हात आणि शर्टाची बाही सांभाळा, आणि पुढून कोअरवर गन हळूहळू फिरवा. वरून खाली तापमान हळूहळू उतरत जायला पाहिजे. मध्येच एखादा उभा पट्टा शेजारच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी थंड निघाला तर तिथल्या ट्यूब बंद आहेत. मग वरचा आणि खालचा होस मोजा, साधारण आठ ते पंधरा अंशांचा फरक चांगला. दोन्ही गरम आणि फरक अगदीच कमी असेल तर पाणी फिरतंय पण थंड होत नाहीये, हवा किंवा फिन बघा. फरक फार मोठा असेल, वर ९८ आणि खाली ६५ वगैरे, तर रेडिएटरमध्ये आलेलं पाणी थंड होतंय पण येतंय फार थोडं, म्हणजे ट्यूब, पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट.

बंद ट्यूबवर उपाय म्हणजे टाकी उघडून सळी मारून घेणं, चांगला रेडिएटरवाला ते करतो आणि परत डाग देतो. फार जुना असेल तर नवीन तांब्याचा कोअर घाला. घरी सायट्रिक अ‍ॅसिडने हलका गंज निघतो, पण नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवावं लागतं. कॉस्टिक सोडा मात्र नको, पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक ते खातो.

थर्मोस्टॅट काढू नका

गोव्यात थंडी कुठेय, थर्मोस्टॅट कशाला, काढून टाक. हे मी मडगावपासून पेडण्यापर्यंत सगळीकडे ऐकलंय, चांगल्या हाताच्या मेस्तांकडूनसुद्धा (म्हणजे मेकॅनिकांकडून). मला ते पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. थर्मोस्टॅट इंजिन थंड करत नाही, इंजिनाला ठरलेल्या तापमानाच्या खाली जाऊ देत नाही. काढला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन ६०-६५ वरच फिरतं, पेट्रोल नीट उडत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, ऑइलमध्ये पाणी आणि गाळ जमतो, झीज वाढते, अ‍ॅव्हरेज पडतं. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून परत इंजिनात जातं, म्हणजे चढावावर गाडी उलट जास्त तापते. रेडिएटर भरलेला असताना थर्मोस्टॅट काढून थोडा फरक पडतो म्हणून लोकांना ते औषध वाटतं, खरा आजार तसाच राहतो.

तपासायला सोपा आहे. जुन्या टोपात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने अधांतरी लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि गॅस मंद ठेवा. वरती ८२ छापलेलं असेल तर एक-दोन अंश इकडेतिकडे उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नवीन विकत आणलेलाही लावायच्या आधी असाच उकळून बघा, खोक्यातून काढलेला बंदच राहणारा माल मिळतो. त्याच्या चकतीला छोटं भोक असतं हवा जायला, ते बसवताना वर ठेवा.

गाडीत चालू असताना ओळखायचं तर वरच्या होसवर हात ठेवा. इंजिन गरम होत जातं, हाउसिंग ७०, ७५, ८० दाखवतं आणि होस मात्र कोमटच असतो. मग एका क्षणी तो हाताखालीच झपकन गरम होतो, गेजचा काटा किंचित खाली येतो आणि परत स्थिरावतो. हे एकदा स्वतः अनुभवा, म्हणजे पुढे कधीही थर्मोस्टॅटवर उगाच संशय घेणार नाही.

पंप, खालचा होस आणि ब्लॉकमधला गाळ

थंड इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, उघडला की वरच्या टाकीत पाणी वळसे घेताना दिसतं, रेस दिल्यावर जोरात. काहीच हालचाल नसेल तर पंपाची पाती गंजून गेलीत किंवा शाफ्टवर सुटलीत. इंजिन बंद करून फॅनचं पातं धरून पुढेमागे हलवा, खडखड वाजलं तर बेअरिंग गेलं.

खालचा होस रेस देताना बघा. पंप त्यातून पाणी ओढतो, आतली स्प्रिंग नसेल आणि रबर मऊ पडलं असेल तर तो चपटा होतो आणि पाणी थांबतं. आयडलवर एकदम छान दिसतो, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही, हायवेला मात्र गाडी तापते. नवीन होस घेताना जुन्यातली स्प्रिंग फेकू नका.

आता गाळ. डिचोलीला आमच्या ओळखीच्या एका काकांची अ‍ॅम्बॅसेडर होती, नवीन कोअर, नवीन पंप, टायमिंग बरोबर आणि तरी केरीच्या पुढे चोर्ल्याची वळणं सुरू झाली की काटा वर. ब्लॉकच्या बाजूला खाली पाणी सोडायचा नळ असतो, तो उघडला तर थेंबसुद्धा नाही आला, रेडिएटर भरलेला असताना. पूर्ण स्क्रू काढून भोकात जाड तार घातली, आधी काहीच नाही, मग तपकिरी-लाल चिखलाचा एक बोळा बाहेर आला, त्यामागून थोडं गढूळ पाणी, परत बंद. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलेलं आणि ब्लॉकच्या मागच्या भागात न उपसलेल्या विहिरीसारखा गाळ बसलेला. शेवटी पत्र्याची बुचं काढून, तारेने खरवडून आणि उलट्या दिशेने नळीचं पाणी मारून तो काढावा लागला, आणि ती गाडी तेव्हा कुठे शांत झाली. मागच्या सिलिंडरभोवती पाणीच नसतं तेव्हा रेडिएटर कितीही मोठा घाला, काय उपयोग? म्हणून जुन्या गाडीत ब्लॉकचा नळ उघडून बघणं मी रेडिएटरच्याही आधी करायला सांगतो, पैसे लागत नाहीत. फ्लश करताना थर्मोस्टॅट काढा आणि हीटर असेल तर त्याची लाइन वेगळी करा, नाहीतर सगळा गाळ तिकडे जाऊन बसेल.

टायमिंग, कार्ब्युरेटर आणि ई-२० पेट्रोल

पाण्याचं सगळं ठीक आणि तरी चढावावर तापते, तर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. टायमिंग मागे असेल तर पेट्रोल उशिरा जळतं, ज्वाला एक्झॉस्टपर्यंत जाते आणि हेड तापतं. ओळख अशी की गाडी जड वाटते, ओढत नाही. फार पुढे असेल तर चढावावर टकटक नॉकिंग येतं आणि तेही तापवतं. स्ट्रोब लाइटने मॅन्युअलमधला आकडा लावा, कानाने लावलेल्या टायमिंगवर घाट चढू नका. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डबीची नळी तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि जीभ लावून ठेवल्यावर तशीच राहिली पाहिजे. नाही राहिली तर पडदा फाटलाय, सपाट रस्त्यावर ठिणगी आधी पडून मिळणारा अ‍ॅडव्हान्स मिळत नाहीये.

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेलं ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल हा नवीन मुद्दा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, साध्या पेट्रोलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला एक लागतं, ई-२० ला साधारण १३.५ ला एक. नवीन गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, आपला कार्ब्युरेटर जुन्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) चालतो म्हणजे मिश्रण लीन होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ पळवून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढा, पांढरे फटक असतील तर मेन जेट एक साइज मोठा लावून बघा, फिकट तपकिरी यायला पाहिजेत. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुकटची हवा जात नाहीये ना तेही आधी बघा. आणि इथेनॉलने जुने रबरी पेट्रोल होस फुगतात आणि भेगाळतात, ते तापमानाच्या आधी आगीचं कारण होतील, बदलून घ्या.

एखादा ब्रेक घासत असेल, क्लच घसरत असेल किंवा सायलेन्सर आतून बसला असेल तरी इंजिनावर लोड येतो. गाडी फिरवून आल्यावर चारी चाकांच्या रिमवर गन मारा, एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम निघालं तर कळेलच.

हेड गॅस्केट

सकाळी थंड इंजिन, झाकण काढलेलं, सुरू करा आणि टाकीत बघा. पहिल्या मिनिटभरात थोडे बुडबुडे येऊन थांबले तर अडकलेली हवा. थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण, झाकण लावून थंड सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होस कडक होतो, एवढ्या लवकर पाणी गरम होऊन प्रेशर येणं शक्यच नाही. खात्री करायला निळं लिक्विड असलेला टेस्टर मिळतो, पेट्रोलच्या इंजिनाचा गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडरमधला दाब मोजण्यात) शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर गॅस्केटची मधली पट्टी गेलीये.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं म्हणून मात्र लगेच हेड उघडू नका, पावसाळ्यात घर ते बाजार एवढीच गाडी फिरत असेल तर आमच्या दमट हवेत ते जमतंच, एकदा लांब फेरी मारा आणि पुसून परत बघा. डिपस्टिकवरही तसंच दिसलं आणि पाणीही कमी होतंय तर मग उघडा. उघडल्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड स्ट्रेटएज आणि फीलर गेजने तपासल्याशिवाय परत बसवू नका, तापलेलं हेड वाकलेलं असतं आणि नवीन गॅस्केट त्यावर महिनाभर टिकत नाही. नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

फोक्सवॅगन बीटलवाल्यांना यातलं बरंच लागू नाही, पाणीच नाही तिथे. त्यांनी बेल्ट, इंजिनाभोवतीचे सगळे पत्रे जागेवर आहेत का, इंजिन कप्प्याचं रबर सील आणि ऑइल कूलरमधला कचरा बघावा. पत्रे चांगले दिसत नाहीत म्हणून काढून ठेवलेली बीटल तापणारच.

घाटात काटा चढलाच तर

अनमोड असो, चोर्ला असो नाहीतर काणकोणच्या वाटेवरचा करमल, ओढून ओढून वरच्या गिअरमध्ये चढू नका. वेळेवर खालचा गिअर टाका, आरपीएम वाढला की पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात. हीटर असेल तर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. तरी काटा चढतच राहिला तर सुरक्षित रुंद जागा बघून थांबा. वाफ येत नसेल तर मिनिटभर थोड्या जास्त आयडलवर चालू ठेवा, वाफ येत असेल किंवा पाणी गेलेलं असेल तर ताबडतोब बंद. बॉनेट उघडा आणि थांबा. इंजिनावर बाटलीतलं पाणी ओतू नका, गरम हेडला तडा जातो. होस मऊ पडल्यावर जाड फडकं ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज थांबला की मग काढा. इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा आणि पाणी बारीक धारेने घाला. डिकीत पाच लिटर पाणी, एक बेल्ट, वरचा-खालचा होस, दोन क्लिपा आणि त्या लावायला लागणारा स्क्रूड्रायव्हर कायम असू द्या.

दुरुस्ती झाल्यावर पहिली ट्रायल घाटात घेऊ नका. आधी घराजवळ अर्धा तास फिरवा, पूर्ण थंड होऊ द्या, लेव्हल बघा, होसच्या क्लिपा परत आवळा कारण पहिल्या गरम-थंडात रबर दबतं. मग जाममध्ये एकदा, मग वेर्ण्याच्या चढावर एकदा, दर वेळी हाउसिंगवरच्या त्याच काळ्या ठिपक्यावर मोजा आणि वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत लेव्हल बघायची, ती जिथे होती तिथेच असेल तर चोर्ल्याला निघायला हरकत नाही.